चुन्याचे बोट



ज्या व्यासपीठावरून आजवर तत्त्वज्ञ, इतिहाससंशोधक, समाजसुधारक आणि क्वचित एखादा मंत्री यांच्या स्मृत्यर्थ व्याख्याने झाली, त्या व्यासपीठावर एका गवंड्याविषयी तासभर बोलण्यास मला उभे करावे, हा चालकांच्या धाडसाचा परिणाम आहे की ठरलेला वक्ता आयत्या वेळी न मिळाल्याचा, याची मी चौकशी केलेली नाही. निमंत्रणपत्रात त्यांनी ‘एक कर्मयोगी’ असा विषय सुचविला होता. तो मी नम्रपणे परत केला. कारण आबा मिस्त्रींनी कर्मयोग हा शब्द कधी उच्चारल्याचे मला स्मरत नाही, आणि दुसऱ्या कोणी त्यांच्यासमोर उच्चारलाच असता तर “आधी विटा भिजल्यात का बघ,” एवढेच ते म्हणाले असते. छापील प्रतीत त्यांचे नाव-आडनाव येऊ नये अशी घरच्यांची इच्छा आहे, ती मी पाळतो. वाईत ज्यांना ते ठाऊक आहे त्यांना सांगण्याची गरज नाही, आणि इतरांचे त्यावाचून अडणार नाही.

मी त्यांच्याकडे प्रथम गेलो तो १९५६ साली, मॅट्रिकचा निकाल लागल्यावर पुढे काय करावे या विवंचनेत. दिवसा एका शाळेत बदली शिक्षकाची उमेदवारी आणि संध्याकाळी आबांच्या हिशेबाच्या वह्या, असा माझा क्रम पुढे अकरा वर्षे चालला. आबा मराठी दुसरीपर्यंत शिकलेले. ब्रास, गज, तसू, रोज, मक्ता आणि उचल यांचा मेळ ते माझ्याआधी तोंडी घालून मोकळे होत. पण टाक हातात आला की ज्या बोटांनी दीड मणाचा धोंडा अलगद बसविला ती बोटे अवघडून जात. “मी सांगेन ते लिही, आणि मी सांगणार नाही ते लिहू नको,” ही माझ्या नेमणुकीची एकमेव शर्त होती. पुढे आयुष्यात मी बरेच काही लिहिले, त्यातील पुष्कळसे दुसऱ्या कलमाचा भंग करूनच.

त्यांचा जन्म १९०८ चा. १९१८ साली ज्या साथीला आपल्याकडे मानमोडी म्हणत, त्या साथीत त्यांचे वडील आणि चुलते चार दिवसांच्या अंतराने गेले, आणि घरात आई, एक धाकटी बहीण आणि वडिलांचा ओळंबा एवढे उरले. दहाव्या वर्षी आबा गाऱ्याची पाटी डोक्यावर घेऊन कामावर उभे राहिले. त्यांना कोणी गुरू होता काय, असे मी एकदा विचारले, तेव्हा त्यांनी मला गणपती आळीच्या घाटावर नेले आणि ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची बाजू दाखविली. दर्शनाला येणारा मनुष्य सहसा तिकडे जात नाही. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधविलेल्या त्या देवळाची मागची भिंत सरळ नाही. कृष्णेचा पूर आदळला तर दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावा म्हणून ती माशाच्या आकाराची केलेली आहे. “ज्यानं ही बांधली त्याचं नाव कुठं आहे?” आबांनी विचारले. मी म्हटले, “रास्त्यांचं आहे.” त्यावर ते हसले. “त्यांनी पैसे दिले. पाणी कुठून येणार ते दुसऱ्या कुणाला तरी माहीत होतं.”

रावसाहेब कृष्णाजी विनायक वझे यांच्यासारख्या अभियंत्याने शिल्पशास्त्राच्या पोथ्या धुंडाळण्यात हयात घालविली, हे आपण आदराने सांगतो आणि सांगावेच. परंतु त्या पोथ्यांतील विद्या ज्यांच्या बोटांत शिल्लक होती ती माणसे त्याच काळात तालुक्या-तालुक्यांतून तुटपुंज्या रोजावर राबत होती, आणि त्यांच्याकडे कोणी टिपणवही घेऊन गेल्याचे विशेष ऐकिवात नाही.

आबा चुन्याच्या युगात जन्मले आणि सिमेंटच्या युगात म्हातारे झाले. चुनखडी भट्टीत भाजून कळीचा चुना काढावयाचा, तो हौदात पाणी सोडून विझवावयाचा (त्या वेळी जो फसफसाट आणि जी वाफ उठते ती पाहण्यास आम्ही पोरे लांबून उभी राहत असू), मग वाळूबरोबर घाणीत घालून बैलाच्या मागे फिरणाऱ्या दगडी चाकाखाली तो लोण्यासारखा होईपर्यंत मळावयाचा. कोठे त्यात गुळाचे पाणी, कोठे बेलफळाचा चीक. आणि एवढे करून भिंत उभी राहिली तरी चुना आपले काम संपले असे मानीत नाही, तर हवेतील कर्बवायू हळूहळू शोषून घेत पुन्हा दगड होण्याची खटपट वर्षानुवर्षे करीत राहतो. सिमेंट अर्ध्या तासात आवळू लागते. आबांना सिमेंटचा राग नव्हता. त्याची घाई त्यांना पटत नसे. शिवाय त्या काळी सिमेंट मिळविणे हाच एक स्वतंत्र धंदा होता. युद्धकाळापासून त्यावर नियंत्रण. कचेरीत अर्ज करावा, परवाना काढावा, दहा पोती मागितली तर चार पदरात पडावीत, आणि त्या चारांसाठी चार खेटे घालावेत. हे नियंत्रण १९८२ साली अंशतः आणि १९८९ साली पुरते उठले, तोवर आबांची उमेद सरत आली होती.

एका गोष्टीचा मात्र त्यांना खरोखर संताप येई. मराठीत ‘चुना लावणे’ म्हणजे फसविणे. “ज्यानं हा शब्द काढला त्यानं चुना कधी मळला नसणार,” असे ते म्हणत. चुन्याचा उपयोग त्यांच्या घरी दोनच ठिकाणी होई: कामावर आणि काकूंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, पानाच्या डब्यात, आणि दोन्ही ठिकाणी तो जास्त झाला तर भाजतो, हे त्यांना पुरते अवगत होते.

आता ज्या गोष्टीसाठी मी आज उभा आहे ती सांगतो. दगडी भिंत बाहेरून एक दिसते; वस्तुतः त्या दोन असतात. रस्त्याकडचे अंग घडीव दगडांचे, घराकडचे अंग त्याहून ओबडधोबड, आणि दोहोंच्या मध्ये चिपा, खडे व गारा यांचे भरताड. दोन माणसे पाठीला पाठ लावून उभी असावीत तशी ही दोन अंगे उभी असतात. पावसाचे पाणी मुरले, पाया किंचित खचला किंवा जमीन हलली, की पाठी सुटतात आणि भिंतीला पोट सुटते. मग ती केव्हा बसेल हा केवळ काळाचा प्रश्न. याला उपाय एकच, आणि तो जुना आहे: ठरावीक अंतरावर एक लांब दगड असा घालावयाचा की त्याचे एक तोंड बाहेर निघावे आणि दुसरे घरात. आबा त्याला नुसते ‘आरपार’ म्हणत. आरपार मिळण्यास कठीण, वाहण्यास जड, घडविण्यास महाग. आणि गिलावा चढला की तो घातला आहे की नाही हे ब्रह्मदेवालाही कळत नाही. धंद्यातील सगळी लबाडी ज्या एका जागी निर्धास्तपणे करता येते ती ही जागा.

आबा काय करीत? दिवसाचे काम सुटताना विझलेल्या चुन्यात तर्जनी बुडवून त्या दिवशी बसलेल्या प्रत्येक आरपार दगडाच्या तोंडावर एक बोट उमटवीत, आणि मी कंदील घेऊन ती बोटे मोजून वहीत मांडीत असे. मालकाने पाहावे म्हणून नव्हे; बहुतेक मालक त्या वेळी घरी जेवत असत. एकदा एका पेठेतल्या सधन मालकांनी मला बाजूस घेऊन सांगितले की, मिस्त्रींना म्हणावे, आत काय आहे ते कोण बघायला येतो, निम्मे घातले तरी चालेल, वाचतील ते पैसे पुढच्या कमानीला लावू. मी तो निरोप शब्दशः पोहोचविला. आबांनी दुसऱ्या दिवशी विसाराची रक्कम फडक्यात बांधून परत केली आणि ते काम सोडले. त्या महिन्यात घरी दोन्ही वेळा भाकरीबरोबर केवळ चटणी होती हे माझ्या वहीत नाही, पण मला ठाऊक आहे, कारण मी तेथेच जेवत होतो. काकू त्या मालकांवर चिडल्या नाहीत, आबांवर चिडल्या. “बोट उमटवायचं सोडा, पण निदान बोलून तरी बघायचं होतं,” असे त्यांचे म्हणणे होते, आणि मला आजही ते सर्वस्वी गैर वाटत नाही.

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी ओसरीवर मजुरी वाटली जाई. त्यात आबांचा दंडक असा, की पाट्या वाहणाऱ्या बायकांना आधी, गवंड्यांना नंतर. कारण बायकांना घरी जाऊन चूल पेटवायची असते. आणि बाईचा रोज बाईच्याच हातावर. नवरा शेजारी हात पुढे करून उभा असला तरी आबा त्याच्याकडे असे पाहत, की जणू तेथे कोणी उभेच नाही. यावरून दोनदा भांडणे झाली आणि एक चांगला पाथरवट काम सोडून गेला. दंडक बदलला नाही.

तो दंडक कोठून आला हे त्यांच्या घरात चार दिवस राहिले की समजे. मानमोडीनंतर आईने दोन लेकरे वाढविली ती दुसऱ्यांच्या अंगणात शेण सारवून, आणि तिच्या मजुरीवर एका दूरच्या भाऊबंदाने पालक या नात्याने हात ठेवला होता. धाकटी बहीण लग्नानंतर तीन वर्षांत विधवा होऊन परत आली, ती पुढची चाळीस वर्षे त्या घराच्या किल्ल्या कमरेला लावून वावरली. काकूंनी त्या किल्ल्या कधी मागितल्या नाहीत, आणि याविषयी आबांनी काकूंचे कधी तोंडभर कौतुक केल्याचेही मी ऐकले नाही. चार मुली आणि दोन मुलगे. दुसरी मुलगी हुशार निघाली तेव्हा तिला शिक्षिकेच्या शिक्षणासाठी साताऱ्यास ठेवण्याचा निर्णय त्यांनी भावकीला न विचारता घेतला. स्वतःचे घर मात्र मागल्या अंगाने बावीस वर्षे गिलाव्यावाचून राहिले. पावसाळ्यात काकू त्या भिंतीला गोणपाटे टांगीत आणि शेजारणींना सांगत, “गावाला गिलावा, आम्हाला गोणपाट.”

पुढल्या संकटांपैकी पानशेतचे थोडक्यात आटोपतो. १२ जुलै १९६१ रोजी धरण फुटून पुण्यात पाणी शिरले, पांढरीच्या मातीच्या भिंती साखरेसारख्या विरघळल्या, आणि गवंड्यांना पुण्याची बोलावणी आली. आबा गेले, आठ महिन्यांनी परतले आणि म्हणाले, “तिथं पैसा फार आहे, पण रात्री घरी जाता येत नाही.” अधिक काही बोलले नाहीत.

कोयनेचे मात्र सविस्तर सांगितले पाहिजे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी जमीन हलली, ती वाईतही हलली. मी धावत आबांच्या घरी गेलो तेव्हा सगळे कुटुंब घोंगड्या पांघरून अंगणात कुडकुडत होते आणि आबा आत होते. अंधारात ते एकेका खोलीतून भिंतीवर तळवा फिरवीत चालले होते. काकू दारातून ओरडल्या, “अहो, माणसं मोजायची सोडून भिंती कसल्या चाचपताय!” आतून उत्तर आले, “माणसं तू मोजली असशील म्हणून.”

चौथ्या दिवशी सहा माणसे घेऊन ते पाटण तालुक्यात उतरले. शाळेची रजा काढून पहिला आठवडा मी बरोबर होतो. कोयनेचे धरण उभे होते. त्याला तडे गेले होते आणि ते पुढे अभियंत्यांनी भक्कम केले. परंतु घरे बसली होती, आणि सुमारे पावणेदोनशे माणसे गेली होती. एका घरापाशी आबा बराच वेळ थांबले. भिंतीचे बाहेरचे अंग बाहेर रस्त्यावर पडले होते, आतले अंग आत, जेथे अंथरुणे होती तेथे. मधले भरताड दोहोंच्या मध्ये ढिगासारखे उभे. त्यांनी काठीने ते उकरले आणि एक अक्षर न बोलता पुढे निघाले.

त्याच मुक्कामात मी त्यांचे एक निराळे रूप पाहिले. तिथे आलेला एक तरुण इंजिनिअर दारे-खिडक्यांच्या वर, घराच्या चारी भिंतींवरून अखंड फिरणारा सळई-काँक्रीटचा पट्टा घालण्याविषयी सांगत होता. पेटीला पट्टी आवळावी तसे त्याने सगळे घर एकत्र राहते, असे त्याचे म्हणणे. आबा तेव्हा एकोणसाठ वर्षांचे. सिमेंटची घाई त्यांना जन्मात न पटलेली. पण त्या विशी-पंचविशीच्या मुलासमोर ते मांडी घालून बसले आणि सळई कोपऱ्यात कशी वळवायची हे त्यांनी तीनदा करवून घेतले. परत आल्यावर पट्ट्यावाचून त्यांनी एकही घर बांधले नाही. तत्पूर्वी बांधलेल्या घरांपैकी चार मालकांकडे ते स्वतः गेले आणि ‘माझ्याकडून एक गोष्ट राहिली आहे’ असे सांगून आले. त्यांपैकी कोणीही पट्टा घालून घेतला नाही. घराला धक्का लागलेला नसताना त्याची चूक ऐकून घेण्याची मालकाची तयारी नसते.

यानंतर मी कामावर नव्हतो. माझी नोकरी कायम झाली होती. पण १९९३ च्या सप्टेंबराची ३० तारीख मला त्यांच्यासाठीच आठवते. अनंत चतुर्दशीची रात्र. गणपती बोळवून लोक नुकते आडवे झालेले. पहाटे किल्लारीची जमीन हलली आणि हजारो माणसे आपल्याच घरांखाली सापडली. तिकडची घरे जाड भिंतींची. दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद दगड आणि गारा, वर मातीचे जड माळवद. जाडी म्हणजे बळ अशी समजूत. आबा पंच्याऐंशी वर्षांचे होते. नातवाच्या मागे लागून ते एस.टी.ने तिकडे गेले. परत आल्यावर मी विचारले, काय पाहिले? ते म्हणाले, “दोन भिंती होत्या. एकीची दुसरीशी ओळख नव्हती.” पुढे त्या भागात न पडता उरलेल्या भिंतींना भोके पाडून त्यांत सळई आणि काँक्रीट भरून दोन्ही अंगे एकमेकांना बांधावीत, अशा सूचना निघाल्या. नातवाने त्या वाचून दाखविल्या. आबांनी पुन्हा वाचायला लावल्या.

आतापर्यंत मी सांगितले त्यावरून आपल्यासमोर एक निर्दोष मूर्ती उभी राहिली असेल तर तो दोष माझा. आबांनी थोरल्या मुलाला न्याय दिला नाही. त्याला यंत्रांची आवड. त्याला मुंबईस गिरणीत जाऊन जॉबर व्हायचे होते. आबांनी त्याच्या हातात करणी दिली आणि ती त्याने दोन वर्षे नाइलाजाने धरली. तिसऱ्या वर्षी तो न सांगता गेला. सात वर्षे बापाने लेकाला पत्र लिहवून घेतले नाही. काकू मला गुपचूप बोलावून दोन ओळी लिहवून घेत, आणि खाली ‘वडिलांचा आशीर्वाद’ असे मी माझ्याच बुद्धीने घालीत असे. नेमणुकीच्या शर्तीचा भंग मी आबांच्या हयातीत केला तो हाच. परक्या घराच्या दोन भिंतींत आरपार घालण्यासाठी जो मनुष्य विसार परत करीत होता, त्याला स्वतःच्या घरात हे का जमले नाही, याचे उत्तर मी पुष्कळ शोधले.

काकू गेल्या तेव्हा थोरला आला. तेराव्यानंतर अंगणातले तुळशीवृंदावन, ज्याची एक बाजू मोडून पडली होती, ते आबा उभारू लागले. सकाळी थोरल्याने धोतर खोचले आणि गारा कालविला. दिवसभर दोघे तेथे होते. मी ओसरीवर बसून पाहत होतो, दोघांच्या तोंडून शब्द निघाला तो एकच, आणि तो थोरल्याचा: “वाकडं.” आबांनी ओळंबा सोडून पाहिले. खरोखरच तसूभर वाकडे होते. त्यांनी आपला थर काढला आणि पुन्हा लावला.

आबा २००१ च्या हिवाळ्यात गेले. शेवटची तीन वर्षे त्यांना नीट दिसत नव्हते. पण अंगणात विटांची गाडी उतरली की खाटेवरूनच एक वीट मागवीत, तिच्यावर बोटाचे पेर आपटीत आणि आवाजावरून भट्टी चांगली की वाईट ते सांगत. नातसून म्हणाली, “आजोबा, आपल्याला काही बांधायचं नाही.” ते म्हणाले, “म्हणून काय आवाज बदलतो?”

गेल्या वर्षी गंगापुरीकडच्या एका जुन्या घराच्या जागी सदनिकांची इमारत उभी करण्यासाठी ते घर पाडण्यात आले. ते आबांनी १९५८ साली बांधलेले. माझ्या वहीत त्याचे पान आहे, आणि त्यावर ‘आरपार ६४’ असा आकडा माझ्याच तरुणपणीच्या अक्षरात आहे. मी दोन दिवस काठी टेकीत तेथे जात होतो. यंत्राचा हात भिंतीला लागला तेव्हा दुसऱ्या भिंती तासाभरात बसल्या. आबांची भिंत मोठ्या मोठ्या ढेकळांनी, दोन्ही अंगे एकमेकांना धरून, खाली आली, आणि यंत्रावरचा मुलगा वैतागला. गिलाव्याची कवची निघाली तशी काही लांब दगडांच्या तोंडांवर पांढरी बोटे दिसू लागली. मी एकोणपन्नास मोजली. उरलेली माझ्या डोळ्यांना दिसली नाहीत, ढिगाऱ्यात गेली, की गिलाव्याबरोबर निघाली, ते सांगता येत नाही. मुकादमाने मला विचारले, “आजोबा, काय शोधताय?” मी म्हटले, “हिशेब जुळतो का बघतोय.” त्याने दोन दगड माझ्या दारात टाकून दिले आणि हमालीचे चाळीस रुपये घेतले. एक मी परसात पाय धुण्यासाठी ठेवला आहे. दुसऱ्यावरचे बोट अजून पांढरे आहे. तो पावसाच्या आत ओसरीवर घ्यावयाचा आहे, पण मला एकट्याला तो उचलवत नाही.